वजनकाट्यावर न चढलेली बाई

ती आमच्या टीममध्ये आली त्या वर्षी कँटीनच्या दारापाशी माझे दोन फोटो लावलेले होते. डावीकडे जुनी मी: कुणाच्या तरी लग्नात, जांभळ्या साडीत, पंगतीला बसलेली, तोंडात घास. उजवीकडे नवी मी: आखूड कुर्ता, जीन्स, कंबरेवर हात, हनुवटी वर. मधे एक हिरवा बाण. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘हिने स्वतःवर मेहनत घेतली. तुम्ही कधी घेणार?’

फोटो माझ्या परवानगीनेच लावले होते. एचआरच्या मुलीने माझ्या फोनमधले बरेच जुने फोटो चाळले आणि नेमका पंगतीतला निवडला, कारण त्यात मी खात होते.

आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा सरकारी संशोधन संस्थेत, मी व्हाइटफील्डच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये, एक मुलगी. लहानपणापासून मी जाडी. शाळेत, नात्यात, शेजारात माझी ओळख तीच. कामात मी चांगली होते, पण दर अप्रेझलला साहेब म्हणायचे, "काम उत्तम आहे, पण जरा एनर्जी दिसायला हवी." एनर्जी म्हणजे काय ते मला न सांगता कळायचं. क्लायंट यायचे तेव्हा माझं काम दुसरं कुणीतरी उभं राहून सांगायचं आणि मी मागच्या रांगेत बसून मान डोलवायची.

मग कंपनीत वेलनेसचा कार्यक्रम सुरू झाला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काचेच्या मीटिंग रूममध्ये वजनकाटा ठेवायचे. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा मिळायचा. भाग घेणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सवलत, आणि टीमची सरासरी खाली आली तर सगळ्या टीमला बक्षीस. उद्घाटनाला एचआर मॅनेजर म्हणाली, "तुमचं शरीर ही तुमची स्वतःची कंपनी आहे असं समजा. तिचे सीईओ तुम्हीच. ती तोट्यात चालली तर दोष कुणाला देणार?" लोक हसले. मी मात्र ते मनावर घेतलं. आयुष्यभर ज्याला मी नशीब म्हणत होते, तो माझा ढिसाळ कारभार होता तर!

मी भात सोडला. रात्रीचं जेवण सोडलं. उजाडायच्या आत गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. सणाला घरच्यांना पुरणपोळी वाढून मी ओट्यापाशी उभी राहून काकडी खायची. वजन उतरलं. पुढच्या अप्रेझलनंतर साहेबांनी मला क्लायंटसमोर उभं केलं. काम तेच होतं, स्लाइड्सही त्याच होत्या. लिफ्टमध्ये लोक माझ्या डोळ्यांकडे बघून बोलायला लागले. हे सगळं मी कमावलं, असं मला वाटायचं, आणि कमावलेलं जाईल की काय या धास्तीने मी रोज सकाळी काट्यावर चढायची. दिवस कसा जायचा ते तिथेच ठरायचं.

अशात ती आली.

माझ्या डावीकडच्या फोटोपेक्षाही ती जाड होती. वयाने माझ्याहून थोडी लहान. पहिल्या दिवशी लिंबाच्या रंगाचा बिनबाह्यांचा कुर्ता घालून आली. गोल, भरलेले, उघडे दंड. मी बिनबाह्यांचं कधीच घातलं नव्हतं. आधी दंड जाड होते म्हणून, आणि वजन उतरल्यावर कातडी लोंबायला लागली म्हणून. तिने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाली, "मराठी का तुम्ही? छान झालं की! आम्ही चामराजपेटचे. पणजोबांपासून इथंच. आमची मराठी ऐकून हसायचं नाही हं अक्का, स्वल्प कन्नड मिसळलेली आहे."

तिचं मराठी मला ऐकताक्षणी आवडलं. ती मात्र आवडेना.

दुपारी जेवायला आम्ही समोरासमोर बसलो. तिच्या डब्यात बिसीबेळे भात होता, वर तूप, शेजारी तळलेले पापड. पहिला घास तोंडात घातला की ती क्षणभर डोळे मिटायची. मला तिच्या डब्याचा हेवा वाटला असता तर सोपं होतं, डबा मीही आणू शकले असते. मला हेवा वाटला तो तिच्या डोळे मिटण्याचा. जाड बाई चारचौघांत जेवते तेव्हा सोबत काहीतरी बोलत असते: आज सकाळपासून पोटात काही नाही, एवढंच खाते, उद्यापासून बंद. मी जन्मभर प्रत्येक घासाबरोबर असं काहीतरी बोलत आले होते. ती काहीच बोलायची नाही. जेवायची आणि डबा धुवायला उठायची.

महिन्याचा पहिला सोमवार आला. आमच्या टीमची कॅप्टन मीच होते. सगळे ओळीने काचेच्या खोलीत गेले, ती आपल्या जागेवरच बसून राहिली. मी तिला बोलवायला गेले.

"चल, तुझंच राहिलंय."

"मी नाही चढत अक्का काट्यावर."

"अगं, आकडा कुणाला सांगत नाहीत. फक्त सरासरी काढतात."

"सक्तीचं आहे का?"

"सक्ती नाही, पण—"

"मग सरी," ती म्हणाली. बरं, ठीक, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती पुन्हा स्क्रीनकडे वळली.

भाग न घेणाऱ्याचा आकडा शून्य धरत नसत, त्या टीमला बक्षिसातूनच बाद करत. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की आमची टीम तिच्यामुळे बाद झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण चहाला जाताना तिला हाक मारणं बंद झालं. एचआर मॅनेजरने मला बोलावून घेतलं. "तू तिला समजाव. तुझ्यासारखं उदाहरण तिच्या समोर बसतंय, अजून काय हवं?"

मी समजावलं. तिच्या भल्याचं आहे, तब्येत आहे, पुढे गुडघे आहेत, विम्याची सवलत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, तुम्ही केलंत ते मोठंच आहे," ती म्हणाली. "पण मी इथं प्रोग्रॅम लिहायला आले. तो तपासा की हवा तेवढा. बाकीची मी कंपनीची नाही."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला ते वाक्य माझं असायला हवं होतं असं वाटलं. मी सगळीच कंपनीची झाले होते, दंडांसकट.

त्यानंतर कँटीन नवं झालं. पांढरी चकचकीत टेबलं, आणि टेबलांनाच लोखंडी पट्टीने जोडलेल्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या अरुंद खुर्च्या. ती डबा घेऊन आली, एका खुर्चीकडे तिने नीट पाहिलं, बसायचा प्रयत्नही केला नाही. फॅसिलिटीच्या माणसाला गाठून म्हणाली, "बिनहातांच्या चार खुर्च्या ठेवा."

तो म्हणाला, "मॅडम, वेलनेसमध्ये नाव द्या ना. आपोआप मावाल." त्याला तो विनोद वाटला. आसपासचे हसले. मीही थोडी हसले असेन, नक्की आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या कॅबमध्ये मांडीवर एक लाकडी स्टूल घेऊन आली. तिच्या वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने केलेलं, जाडजूड पायांचं. गेटवरचा सिक्युरिटीवाला गोंधळला. "मॅडम, फर्निचरला गेटपास लागतो."

"बाहेर नेताना ना? मी आत आणतेय," ती म्हणाली आणि आत आली.

दोन दिवस ती स्टुलावर बसून जेवली. मग आगीच्या नियमाचं कारण काढून स्टूल उचलून नेलं. त्या दिवशी ती कँटीनच्या मधोमध, ये-जा करायच्या वाटेवर उभी राहिली, डबा एका हातात धरून, आणि उभ्याउभ्या जेवली. दुसऱ्या दिवशीही. कुणी विचारलं तर शांतपणे सांगायची, "बसायला जागा नाही." आवाज चढवला नाही, चेहरा पाडला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्याशेजारी एक गरोदर मुलगी उभी राहिली. तिलाही त्या खुर्चीत शिरता येत नव्हतं, ती इतके दिवस जागेवरच जेवत होती. मग पाय प्लास्टरमध्ये असलेला एक उंच माणूस आला. मग अजून काही जण, ज्यांना खुर्चीची काहीच अडचण नव्हती, ते नुसतेच. रोज मधली वाट भरून लोक उभे राहून जेवायला लागले आणि कँटीनवाल्याला ट्रे घेऊन जायला जागा उरेना.

मी बसले होते. मी त्या खुर्चीत मावत होते. खुर्चीचे हात माझ्या मांड्यांना लागत नव्हते, आणि हे सुख मी किती उपासांनी मिळवलं होतं ते माझं मला ठाऊक होतं. पूर्वी नाटकाला गेलं की तीन तासांनी मी उठायची तेव्हा मांड्यांवर दोन्हीकडे लाल वळ असायचे. घरी येऊन मी त्यावर खोबरेल चोळायची. वळ माझ्या अंगावर होते म्हणून दोष माझ्या अंगाचा, यात मला कधी शंका आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात कँटीनच्या एका बाजूच्या खुर्च्या काढून लांब बाकं टाकली गेली. ती बाकावर बसली, डबा उघडला, पहिल्या घासाला डोळे मिटले. गरोदर मुलीने टाळ्या वाजवल्या.

मी माझ्या खुर्चीत बसून बघत होते आणि मला इतका मत्सर वाटला की हातातला घास मी खाली ठेवला. मी खुर्चीत मावावं म्हणून स्वतःला कापत, सोलत आणलं होतं. तिने खुर्ची बदलून घेतली होती. एवढ्यात! आणि तिला कुणी सांगितलं होतं, की खुर्ची बदलता येते? मला का कुणी सांगितलं नव्हतं?

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती माझ्यावर गेली आहे, तशीच गोल, तसेच गाल. तिच्या ताटाकडे मी बघायची नाही असं मी ठरवलं होतं आणि मला वाटायचं मी ते पाळते. ऑफिसच्या कौटुंबिक कार्यक्रमाला मी तिला नेलं. तिथे सगळ्या मुली फोटो काढत होत्या आणि ही, मी घेऊन दिलेला ढगळ काळा शर्ट घालून, खांबाआड. थोड्या वेळाने पाहिलं तर माझी ती सहकारी खांबाला टेकून तिच्याशी बोलत होती, आणि माझी मुलगी खो-खो हसत होती. माझ्याशी ती इतकी कधी हसली होती ते आठवायला मला वेळ लागला.

घरी जाताना मुलगी म्हणाली, "आई, मावशी शनिवारी पोहायला जाते. बायकांची बॅच असते. मी जाऊ?"

"तू पाण्यात उतरणार?" मी विचारलं. गोव्याला समुद्रावर ती ढगळ शर्ट घालून वाळूत बसून राहिली होती.

"मावशीची आई माझ्या मापाचा पोशाख शिवून देईल म्हणाली. दुकानात आपल्या मापाचे मिळत नाहीत ना."

आपल्या मापाचे. त्या ‘आपल्या’त मी नव्हते. ते दोघींचं होतं.

शनिवारी मी तिला घेऊन चामराजपेटला गेले. मार्केटच्या मागची अरुंद गल्ली, खाली पापडाचं दुकान, वर त्यांचं घर. तिच्या आईने दारातच विचारलं, "ऊटा झाला का?" जेवलात का, असं. आणि उत्तराची वाट न बघता आत ताटं मांडली. शिलाई मशीनवर बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेलं ताणलं जाणारं कापड पसरलेलं होतं, मोरपंखी रंगाचं. गल्लीतल्या बऱ्याच जणींचे पोशाख त्या शिवायच्या. त्या माझ्या मुलीचं माप घ्यायला लागल्या तेव्हा मी बाजूला उभी राहिले. मला वाटलं आता त्या आकडा मोठ्याने म्हणतील, ती लाजेल. त्या माप घेतानाही मैसूरच्या बहिणीची कुठलीशी गोष्ट सांगत राहिल्या, आणि मुलगी ती ऐकत हात वर करून उभी राहिली, जणू टेप तिच्या अंगावर नव्हतीच.

आमची जेवणं होईतो त्यांनी पोशाख शिवूनही दिला. तलाव जवळच होता. दुपारची वेळ, बायकाच बायका. पोशाख घालून ती आणि माझी मुलगी बाहेर आल्या तेव्हा मी नजर वळवायची तयारी ठेवली होती, पण वळवली नाही. दोघी कठड्याशी थांबल्या, तिने माझ्या मुलीचा हात धरला आणि दोघींनी एकदम उडी मारली. पाणी उडून माझ्या पायांवर आलं. वर आल्यावर ती पाठीवर आडवी झाली. तिचं सगळं मोठं शरीर पाण्याने अलगद उचलून धरलं होतं, पोट वर, तोंड आकाशाकडे. शेजारी माझी मुलगी तसंच करू बघत होती, बुडत होती, नाकातोंडात पाणी जाऊन हसत होती.

"अक्का, या ना!" तिने पाण्यातून हाक मारली. "अम्माने तुमच्यासाठीही एक ठेवलाय!"

मी लेगिंग्ज आणि पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून तापलेल्या सिमेंटवर बसले होते. "मला सर्दी आहे," मी म्हणाले.

येताना रिक्षात मुलीच्या ओल्या केसांना क्लोरिनचा वास येत होता. ती मावशीबद्दल बोलत होती आणि मला ऐकवेना. मी म्हटलं, "एवढं काय आहे गं तिच्यात?"

ती म्हणाली, "तिथे मला कुणी मोजत नाही."

"मी मोजते का तुला? एक शब्द तरी बोलते?"

"तू स्वतःला मोजतेस ना. रोज सकाळी." ती बाहेर बघत म्हणाली. "तू डावीकडच्या फोटोतली दिसायला लागलीस की तुला रडू येतं. मी तर डावीकडच्याच फोटोसारखी दिसते."

रिक्षावाल्याने सिग्नलला इंजिन बंद केलं. तिच्यावर रागवायला हवं होतं की तिला जवळ घ्यायला, हे मला कळलं नाही. मला फक्त एवढं कळलं की हे तिने त्या बाईला आधी सांगितलं असणार, आणि मला नंतर.

त्या पावसाळ्यात माझा गुडघा दुखावला आणि गच्चीवरच्या फेऱ्या थांबल्या. वजन थोडंच वाढलं, पण उजवीकडच्या फोटोशी मी जुळेना. एक दिवस कँटीनच्या दाराशी माझ्याऐवजी अकाउंट्समधल्या एका मुलाचे दोन फोटो होते. कुणी मला कळवलं नव्हतं. साहेब म्हणाले, "या वेळी क्लायंटपुढे नव्या लोकांना संधी देऊ." आणि एचआर मॅनेजर जिन्यात भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "घरी सगळं ठीक ना? लक्ष दे स्वतःकडे." मी कॅप्टनपद सोडलं. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, ती तिच्या जागेवर टेबलाला कपाळ टेकून बसलेली दिसली. पोटात दुखत होतं. मधूनमधून दुखतं, म्हणाली, थांबेल. थांबलं नाही. घामाने तिचा कुर्ता पाठीला चिकटला. मी कॅब बोलावली आणि तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं.

तातडीच्या विभागातला डॉक्टर तरुण होता. तिच्याऐवजी तो माझ्याशी बोलायला लागला.

"वजन किती यांचं?"

"मी मोजत नाही," स्ट्रेचरवरून ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. समजूतदार माणसं आपसांत हसतात तसं. मला त्याने आपल्यात घेतलं होतं. "ॲसिडिटी असणार," तो म्हणाला. "इंजेक्शन देतो. पण मूळ कारण तुम्हाला दिसतंच आहे. वजन कमी करायला सांगा यांना."

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बरं झालं. इतके महिने जे मी तिला समजावत होते ते आता कोणीतरी पांढरा कोट घालून सांगत होतं. तो विचार पुरा व्हायच्या आत माझी नजर तिच्या हाताकडे गेली. तिने चादर मुठीत पिळून धरली होती.

"पूर्वीही सांगितलंय डॉक्टर," ती कसंबसं म्हणाली. "आमच्या तिथल्या दवाखान्यात किती वेळा गेले. दर वेळी हेच. बारीक हो, मग ये."

मी डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिले. क्लायंटसमोर उभं राहायचा माझा सराव झालेला होता. "वजन कमी व्हायला महिने लागतील," मी म्हणाले. "दुखतंय आत्ता. सोनोग्राफी करा."

"मॅडम, त्याची गरज—"

"ही माझी बहीण आहे. सोनोग्राफी केल्याशिवाय मी तिला इथून हलवणार नाही. आणि गरज नाही असं वाटत असेल तर तसं तुमच्या सहीने लिहून द्या."

त्याने नर्सला हाक मारली.

अंडाशयावर मोठी गाठ होती आणि ती पिळली गेली होती. रक्त पोचत नव्हतं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा आवाजच बदलला. धावपळ सुरू झाली, सर्जनला बोलावलं, मी तिच्या आईला फोन केला. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तिला थोडा वेळ थांबवलं होतं. दुखणं औषधाने जरा दबलं होतं. तिने माझं मनगट धरलं.

"मला तुमचा हेवा वाटतो अक्का."

मला वाटलं औषधाचा अंमल आहे. "माझा?"

"तुम्ही एकदा बोललात, त्यांनी ऐकलं. मी बोलते तेव्हा माझं वजन बोलतंय असं ऐकू जातं लोकांना." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. "मी खुर्च्यांसाठी भांडते. इथं आले की भांडायला येत नाही. घाबरते मी."

ती घाबरते हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी तिला इतके महिने डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

"आणि मला तुझा," मी म्हणाले. "फार."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही माझ्या डब्याकडे बघायचा नाही. तोंडाकडे बघायचा."

तिला आत नेलं.

गाठ निघाली, एक अंडाशयही गेलं, पण ती वाचली. आणखी उशीर झाला असता तर, असं सर्जन म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. कंपनीने फुलं पाठवली. सोबतच्या कार्डावर लवकर बरं व्हा या छापील ओळीखाली वेलनेसच्या नव्या हंगामाची जाहिरात होती. ती बघून तिची आई कन्नडमध्ये असं काही बोलली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

ती घरी गेल्यावर मी आणि मुलगी चामराजपेटला भेटायला गेलो. ती खिडकीपाशी उशीला टेकून बसली होती. तोंडाची चव गेली होती, खाणं अजून जेमतेम चालू होतं, गाल बसले होते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. दारातूनच तिने हात गालाला लावले.

"अय्यो, किती बारीक झालीस गं! छान दिसतेस की!"

तिच्या आईने शेजारणीला दंडाला धरून कॉफीच्या निमित्ताने आत नेलं. ती आधी हसायला लागली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला.

"मरता मरता राहिले," ती म्हणाली, "आणि छान दिसते."

त्या वेळी मला तिच्या कशाचाही हेवा वाटला नाही. मला मी सणाच्या दिवशी ओट्यापाशी उभी दिसले, आणि नातेवाईक बाहेरून ओरडत होते, काय छान दिसतेस. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

मग माझी मुलगी उठली आणि तिच्या शेजारी पलंगावर जाऊन तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. न विचारता. तिनेही आपला हात उचलून तिच्या केसांवर ठेवला, आणि ते बघून माझ्या पोटात पुन्हा तीच जुनी, ओळखीची आग पेटली. मला वाटलं होतं ती गेली. मी कॉफीचे रिकामे पेले गोळा केले आणि विसळायला आत गेले.

थोड्या वेळाने मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, अम्मा विचारतायत आपण जेवून जाणार का."

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हणाले."

"बरं."

"पण मी मावशीजवळ बसणार हं."

"आणि मी?" मी पाठमोरीच विचारलं.

ती ओट्यावरचं फडकं घेऊन माझ्या शेजारी येऊन पेले पुसायला लागली. "तू पण ये ना," ती म्हणाली. "मधे मी बसते."

जेवताना ती मधे बसली खरी, पण सगळा वेळ तिचं तोंड मावशीकडे होतं आणि माझ्याकडे पाठ. मधेच एकदा, मागे न बघता, तिने आपल्या ताटातला पापड मोडून अर्धा माझ्या ताटात टाकला आणि बोलणं चालू ठेवलं.